शंभर चिंचोके

शुक्रवार पेठ, सोलापूर
२६ डिसेंबर २०२४

रेवणप्पा काका,

तुम्हाला आणि नागम्मा काकूंना नमस्कार.

मी भार्गवी, नंदूची मुलगी. लिफाफ्यावर बाबांचं अक्षर नाही हे पाहताक्षणी तुमच्या लक्षात आलं असेल. बाबा भाद्रपदात गेल्यावर तुमचं जे पत्र आलं, ते आईने अजून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं आहे.

हिवाळ्यातली पक्षी-मोजणी आता माझ्याकडे आली आहे. मी ती मागितली नव्हती. बाबांचं टेबल आवरायला बसले आणि लोक मलाच फोन करू लागले, एवढंच झालं. जिल्ह्यात आपले एकोणीस पाणवठे आणि एकतीस स्वयंसेवक आहेत. यंदाची मोजणी रविवारी, १९ जानेवारीला, सकाळी सात ते नऊ. नियम बाबांचेच आहेत. ठरलेली जागा सोडायची नाही, मोजलं तेवढंच लिहायचं, आणि तक्त्यावर सही केल्यावर आकडा बदलायचा असेल तर तो मोजणाऱ्यानेच सही करून बदलायचा.

बाकी सगळे आता मोबाइलवरच्या ॲपमध्ये आकडे भरतात. तुमच्यासाठी कागदी तक्ता आणि तिकीट लावलेला लिफाफा सोबत ठेवला आहे. बाबा म्हणायचे, रेवणप्पाने पोस्टात तेहेतीस वर्षं काढली, टपालाने आल्याशिवाय त्याला स्वतःच्या लग्नाची तारीखही पटायची नाही. हिरेकेरीच्या तलावाची पंचवीस वर्षांची तुमची पत्रं त्यांनी एका डब्यात लावून ठेवली आहेत. एकही वर्ष चुकलेलं नाही. सव्विसावं चुकू नये एवढंच मागणं आहे.

पार्सलमध्ये बाबांचा हिरवा कोट आहे. मोजणीला ते हाच घालायचे. आईने ड्रायक्लीन करून घेतला आहे. तुम्हाला थोडा सैल होईल, पण जानेवारीत चालून जाईल.

तुमची
भार्गवी

·

हिरेकेरी, ता. अक्कलकोट
२१ जानेवारी २०२५

चि. भार्गवी,

तक्ता सोबत आहे. कोट मिळाला. बाह्या लांब आहेत, नंदूचे हात होतेच तसे. ऊब चांगली आहे.

साडेसहाला बांधावरच्या आपल्या दगडाशी पोचलो. धुकं होतं, ते सव्वासातला उठलं. वारा नाही. पाणी भरपूर, गेल्या वर्षीपेक्षा हातभर जास्तच. नागम्मा सोबत होती, चहाचा थर्मास धरायला कुणीतरी लागतंच.

मी कसं मोजतो ते नंदूने सांगितलं नसेल, म्हणून लिहितो. डाव्या खिशात मोजून शंभर चिंचोके घ्यायचे. दहा पक्षी झाले की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे टाकायचा. नजर पाण्यावरून काढायची नाही. घरी आल्यावर उजवा खिसा ताटलीत रिकामा करायचा, मोजायचा आणि पुढे एक शून्य लिहायचं. ही रीत फक्त हंसांसाठी, बाकीचे तोंडी मोजून होतात. नंदूकडे टिकटिक करणारं यंत्र होतं. पंचवीस वर्षं तो मला हसला. म्हणायचा, रेवण्णा, चिंच खाऊन झाली, आता बिया तरी सोड. पहिल्या वर्षी मी त्याला मूठभर चिंचोके दिले, तर जाताना तळ्यात टाकून दिले म्हणाला.

चक्रवाक ४६. शेकाट्या ५८. वारकरी ७३. चमचे ११. आणि आपले मुख्य पाहुणे, हिमालयावरून येणारे पट्टकदंब हंस, ३१०. यंदा कमी दिसले. एखादं वर्ष असतं तसं.

ॲपचं मला सांगू नकोस. ज्याच्यावर शिक्का बसत नाही तो कागद नव्हे.

आईला नमस्कार सांग.

रेवणप्पा

·

शुक्रवार पेठ, सोलापूर
१ फेब्रुवारी २०२५

रेवणप्पा काका,

तक्ता वेळेवर मिळाला. गड्ड्याच्या यात्रेमुळे इकडे गर्दी होती, त्यात चार दिवस गेले, म्हणून उत्तराला उशीर.

एक विचारायचं आहे आणि कसं विचारावं ते कळत नाही, म्हणून सरळच विचारते. हंस तीनशे दहा? बाबांच्या वहीत २०२२ ला आठशे वीस, २०२३ ला सातशे नव्वद, २०२४ ला आठशे सत्तर आहेत. दुष्काळी वर्षातसुद्धा सहाशेच्या खाली आकडा नाही. यंदा तर पाणी जास्त आहे असं तुम्हीच लिहिता. एखादा थवा पलीकडच्या हरभऱ्याच्या शेतात गेला असेल का? की धुक्यात काही राहिले?

मी हे एरवी विचारलं नसतं. पण हिरेकेरीच्या तलावावर बोटिंग सुरू करायचा प्रस्ताव आहे, हे तुमच्या कानावर असेलच. त्याची बैठक ५ मार्चला तालुक्याला आहे आणि आपला आकडा तिथे मांडायचा आहे. आठशे हंस असतील तर हिवाळ्यात बोटी नकोत असं म्हणता येईल. तीनशे दहा मांडले तर समोरचे म्हणतील, पक्षी तसेही चालले आहेत, मग अडवता कशाला. तलाव हातचा जाईल अशी मला भीती वाटते.

अक्कलकोटला आपले निंगप्पा आहेत. त्यांच्याकडे चांगली मोठी दुर्बीण आहे. ते एकदा येऊन मोजून गेले तर चालेल का?

राग मानू नका. तुमचं अक्षर पूर्वीपेक्षा बरंच मोठं झालं आहे असं आई म्हणत होती. तब्येत बरी आहे ना?

भार्गवी

·

हिरेकेरी
८ फेब्रुवारी २०२५

भार्गवी,

पत्र मिळाले.

मोजले ते लिहिले. लिहिले त्यावर सही केली. नंदूने पंचवीस वर्षांत एकदाही मला आकडा पुन्हा विचारला नाही. २००३ साली दोनशे कमी आले तेव्हाही नाही. बोटिंगसाठी मी हंस वाढवू की काय?

निंगप्पाला पाठवू नये. भरवसा नसेल तर तक्त्यावरून माझे नाव काढावे आणि हिरेकेरीची रेघ रिकामी ठेवावी.

तब्येत बरी आहे.

रेवणप्पा

·

हिरेकेरी
१२ फेब्रुवारी

भार्गवी बाळ,

मी नागम्मा लिहितेय. माझी शाळा सातवीपत्तोर, ती बी कानडी-मराठी मिसळ. जसं बोलते तसं लिहिलंय, वाचून घे.

ह्ये देवळात भजनाला गेल्यात, तेवढ्यात लिहून टाकते. तुझं पत्र मीच ह्यास्नी वाचून दाखवलं. चार वर्सं झाली, समदी पत्रं मीच वाचते. ह्यांची नजर गेलीया. काचबिंदू म्हणतात. सोलापूरला दाखवलं, तर डॉक्टर म्हणाले, गेली ती परत येत न्हाय, उरलेली जपा. मधलं जरासं दिसतंय, नळीतनं बघितल्यागत. तेवढ्यावर ह्ये मोठ्या अक्षरात लिहितात. पण तळ्यावरचं न्हाय दिसत.

चार वर्सं तळ्यावर मीच मोजते. ह्ये दुर्बीण डोळ्याला लावून हुबं ऱ्हातात, कुणी वाटंनं गेलं तर दिसावं म्हणून. मी दहा झालं की 'दहा' म्हणते, ह्ये एक चिंचोका हिकडचा तिकडं टाकतात. घरी आलं की ताटलीत ह्येच मोजतात आन ह्येच लिहितात. बारकं पाखरू मी तोंडी सांगते. नंदू भावजींना ठाव नव्हतं. कुणाला सांगायचं न्हाय म्हणून मला बजावलं हुतं.

तुझ्या पत्रात तीनशे दहा वाचलं आन माझी जीभ अडकली. मी एकतीस येळाच 'दहा' म्हटलं हुतं व्हय? माझा घसा बसला हुता त्या दिशी. पण किती येळा म्हटलं ते मी ध्यानात ठेवत न्हाय की, ते चिंचोक्याचं काम.

मग काल कोट उन्हात टाकायला खुंटीवरनं काढला. खालचा काठ जड लागला. उजव्या खिशाला आतनं भोक हाय, दोन बोटं जातील एवढं. चिंचोकं अस्तरात उतरल्यात. चांगलं दोन मुठी असतील. मी मोजलं न्हाय, उसवलं बी न्हाय. डाव्या खिशात उरलेलं हुतं तेबी तसंच ठिवलंय. कोट परत खुंटीला अडकवला.

ह्यास्नी सांगितलं न्हाय अजून. सांगितलं की ह्ये म्हणतील, आठशे पाखरं म्होरं बसली आन मी तीनशे लिहिली, मंजी मला कायबी दिसत न्हाय. ते खरंच हाय. पण ते त्यांनी म्हणावं, मी कसं म्हणू?

आता काय करायचं ते तू बघ. तलाव बी ऱ्हावा असं मला वाटतंय. नाव तेवढं काढू नको. वर्सात तो एकच दिस हाय, ज्या दिशी ह्ये माझ्याआधी उठतात.

नागम्मा

·

शुक्रवार पेठ, सोलापूर
१८ फेब्रुवारी २०२५

रेवणप्पा काका,

तुमचं नाव काढणार नाही. निंगप्पांनाही पाठवलेलं नाही. बाबांनी तुम्हाला कधी विचारलं नाही आणि मी पहिल्याच वर्षी विचारलं, याबद्दल माफी मागते.

पण आता चूक माझीच निघते आहे. काल कोटाचा विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, उजव्या खिशाला जुनं भोक होतं. बाबांच्या किल्ल्या सारख्या अस्तरात जायच्या, मग खालून चाचपून काढायच्या. आईने दहा वेळा शिवते म्हटलं आणि बाबांनी दहा वेळा राहू दे म्हटलं. ड्रायक्लीनवाल्याने कोट स्वच्छ केला, शिवला नाही. आणि मीही खिशात हात घालून पाहिला नाही. ज्या माणसाची सगळी मोजणी खिशावर चालते त्याला मी फाटका खिसा पाठवला.

तेव्हा एकदा अस्तर चाचपून बघाल का? डाव्या खिशातले उरलेले चिंचोके तसेच असतील, त्यांच्याशी ताळा घालता येईल. शंभरातून उरलेले वजा, एवढं सोपं आहे. आकडा बदलायचा की नाही ते तुम्हीच ठरवायचं. बाबांचा नियम मी मोडणार नाही. बैठक ५ मार्चला आहे, पण त्यासाठी घाई करू नका.

भार्गवी

·

हिरेकेरी
२३ फेब्रुवारी २०२५

चि. भार्गवी,

अक्षर नागम्माचं आहे, शब्द माझे आहेत. मी सांगतो तसंच लिही असं तिला बजावलं आहे, तिची भर घालू दिलेली नाही.

आईला भोक आठवलं हे मी मानतो. पण 'डाव्या खिशातले तसेच असतील' हे तुला सोलापुरात बसून कसं कळलं? तेहेतीस वर्षं लोकांची पत्रं हाताळली आहेत मी. कोणत्या घरातून कोणत्या घरात काय गेलं ते मला वास घेऊन कळतं. तुझं पत्र वाचताना हिचा आवाज त्या ओळीवर घसरला. जेवण झाल्यावर म्हटलं, कात्री आण.

अस्तर उसवलं. त्यात सत्तावन्न निघाले. डाव्या खिशात सोळा होते. ताटलीत मोजून मी थैलीत टाकले ते एकतीस. बेरीज कर. एकशे चार. शंभर नेले आणि एकशे चार परत आले, म्हणजे मोजणी रद्द. मी तसं म्हणालो आणि उठलो. तलाव गेला तर जाऊ दे, खोटा आकडा देणार नाही, असंही म्हणालो.

हिने ताटली उजेडात नेली. म्हणाली, "ह्यातलं चार निराळं हाइत. काळं पडल्यात, कडा झिजल्यात." माझ्या हातावर ठेवले. मी अंगठ्याने चोळून पाहिले आणि खाली बसलो. आपल्या दारातल्या झाडाच्या चिंचेचा तो बसका, चौकोनी चिंचोका, मी पहिल्या वर्षी नंदूला दिलेला. तळ्यात टाकले म्हणाला होता. पंचवीस वर्षं यंत्र टिकटिकवत मला हसला आणि खिशात माझेच चिंचोके घासत बसला. भेटला असता तर दोन शब्द ऐकवले असते. आता कुणाला ऐकवू? त्या दिवशी मला रडू आलं हे लिही म्हणालो तर ही लिहायला तयार नव्हती. लिहायला लावलं आहे.

तर नंदूचे चार वजा. राहिले शंभर. डावीकडचे सोळा वजा. चौऱ्याऐंशी. हंस आठशे चाळीस.

आता दुसरी गोष्ट, आणि ती मोठी आहे. 'यंदा कमी दिसले' असं मी तुला लिहिलं. ते खोटं होतं. मला दिसले नाहीत. कमीही नाही आणि जास्तही नाही. पांढरट उजेड दिसला. ज्याला डोळे आहेत तो तीनशे आणि आठशे यात फसत नाही. मी ताटलीतला आकडा बघून दिसल्यासारखं लिहिलं, आणि तू विचारलंस तेव्हा वर तुलाच रागावलो. माझं चुकलं.

चार वर्षं मोजणाऱ्याच्या रकान्यात माझी सही आहे आणि मोजलं नागम्माने. नंदूला सांगितलं असतं तर त्याने दुसरा माणूस पाठवला असता. नियमाप्रमाणे ते बरोबरच झालं असतं, म्हणूनच सांगितलं नाही. आता तू असं कर. २०२२, २३, २४ आणि २५, या चार वर्षांवर माझं नाव खोड आणि नागम्माचं लिही. त्याने ती चार वर्षं बाद होत असतील तर होऊ देत. नवा तक्ता सोबत आहे. आकडा आठशे चाळीस आणि सही तिची. मी खाली साक्षीदार म्हणून केली आहे, चिंचोके टाकल्याबद्दल.

निंगप्पाला खुशाल पाठव, हंस अजून इथेच आहेत. पण त्याचा आकडा वेगळ्या कागदावर घे, मोजणीच्या तक्त्यावर नको.

नंदूचे दोन चिंचोके पाठवतो आहे. दोन आम्ही ठेवले.

रेवणप्पा

(मी नागम्मा. ह्यांनी सांगितलं ते समदं लिहिलंय. आज निवांत झोपलेत.)

·

शुक्रवार पेठ, सोलापूर
७ मार्च २०२५

रेवणप्पा काका, नागम्मा काकू,

बैठक झाली. झालं तसं सांगते.

निंगप्पा १ तारखेला येऊन गेले ते तुम्हाला माहीतच आहे. त्यांना आठशे पंधरा मिळाले. त्यांचा कागद वेगळा आणि तुमचा तक्ता वेगळा, असे दोन्ही मांडले. चार वर्षांची दुरुस्तीही मांडली. लपवायची म्हटली असती तर कुणाला कळली नसती, असं आमच्यातल्याच एकाने मला बाहेर सांगितलं. मला ते जमलं नसतं.

एका साहेबांनी विचारलं, चार वर्षं खोट्या नावाची सही होती, मग आकडा खरा कशावरून? मी म्हटलं, नाव खोटं होतं हे आम्हाला कुणी पकडून दिलेलं नाही, ज्याचं नाव होतं त्यानेच स्वतः खोडायला लावलं आहे, आणि आकडाही त्यानेच दिला आहे. मग चिंचोक्यांची गोष्ट सांगितली. ते हसले, पण निंगप्पांचा कागद त्यांनी दोनदा वाचला.

ठरलं ते असं. बोटी येणार. पण देवळाच्या बाजूलाच, आणि नोव्हेंबर ते मार्च बंद. हेही एका वर्षापुरतंच आहे. पुढच्या मोजणीत हंस सहाशेच्या खाली गेले तर पुन्हा विचार करणार. तेव्हा पुढचा जानेवारी आपल्याला चुकवून चालणार नाही.

चार वर्षं बाद केलेली नाहीत, नाव बदललं आहे. बाबांच्या वहीत मी स्वतः लाल शाईने लिहिलं: मोजणी, नागम्मा. काका, त्याआधीची बावीस वर्षं तुमचीच आहेत. ती कुणी खोडू शकत नाही, तुम्हीसुद्धा नाही.

आईला दोन चिंचोके दाखवले. ती म्हणाली, "म्हणून शिवू देत नव्हते होय." मग बराच वेळ ते हातात घेऊन बसली होती.

पुढच्या वर्षीच्या तक्त्यात मोजणाऱ्याच्या रकान्याखाली मी एक ओळ वाढवते आहे.

भार्गवी

·

हिरेकेरी
२० जानेवारी २०२६

भार्गवी बाळ,

तक्ता पाठवतेय. रविवारी, १८ तारखेला, येळेवर पोचलो. ह्ये माझ्याआधी उठले हुते. थंडी लई हुती, धुकं न्हवतं. बोटी देवळाकडं उलट्या घालून ठिवल्यात.

कोटाचा खिसा मी दुहेरी शिवलाय. ह्यांनी दोनदा बोट घालून बघितलं. यंदा थैलीत एकशे दोन हाइत. पहिल्या दोन येळेला नंदू भावजींचे टाकायचे असं ह्यांनी ठरवलं हुतं, तसंच केलं. ताटलीत दोघांनी मोजलं, मी डोळ्यानं आन ह्यांनी हातानं. एकच आलं.

दुर्बीण ह्यांनी घरीच ठिवली. थर्मास ह्यांनी धरला.

शेवटी शेऱ्याचा रकाना हाय, त्यात काय लिहू म्हणून इचारलं, तर ह्ये म्हणाले, तो मी लिहितो. त्यांचं अक्षर मोठं हाय, रकान्याबाहेर गेलंय. तेवढं चालवून घे.

नागम्मा

*(सोबतचा तक्ता)*

पाणवठा: हिरेकेरी तलाव
दिनांक: १८ जानेवारी २०२६, सकाळी ७ ते ९
चक्रवाक: ३९
शेकाट्या: ६४
वारकरी: ८१
चमचे: ९
पट्टकदंब हंस: ७६०
मोजणारी: नागम्मा
चिंचोके: रेवणप्पा
शेरा: पावणेनऊला सगळे एकदम उठले आणि डोक्यावरून गेले. मी ऐकले. मोजता आले नाहीत.